फॉरमॅट केल्यापासून कॉम्प्युटरचा आवाज बंद आहे. साउंड कार्ड जळालं असेल का?

नाही. फॉरमॅट केल्यानं साउंड कार्ड जळत नाही. तुम्ही पुढे लिहिलंय की दुरुस्ती करणारा 'नवीन कार्ड घालावं लागेल' म्हणाला. ते वाचून डोकं तापलं, म्हणून एवढं मोठं उत्तर लिहायला बसले.

फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. पाटी असते डिस्कवर, आवाजाची चिप, म्हणजे तुम्ही म्हणता ते साउंड कार्ड, असते मदरबोर्डवर, मशीनच्या मुख्य बोर्डवर. पाटीबरोबर पुसला गेला तो ड्रायव्हर. चिपशी कसं बोलायचं हे विंडोजला तोच सांगतो. आदल्या दिवसापर्यंत आवाज येत होता आणि विंडोज नव्यानं टाकल्याच्या क्षणापासून येत नाही, तर संशय आधी ड्रायव्हरवरच घ्यायचा. बोर्ड उघडायची गोष्ट त्यानंतर.

हे मी इतक्या ठामपणे का सांगते, तर आमच्या घरात याच वाक्यावरून भांडण झालंय. माझ्या मामांची नजर काचबिंदूनं गेली. पण टाइपरायटरवर शिकलेली त्यांची बोटं शाबूत आहेत आणि ते रोज दोन-दोन तास कॉम्प्युटरवर लिहितात. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर पडद्यावरची अक्षरं त्यांना वाचून दाखवतो. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं तो लिहायला घेतला, तो फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. मामांचा अख्खा कॉम्प्युटर म्हणजे तो आवाज.

मामा आठ दिवस आमच्याकडे राहायला आले, तेवढ्यात दादानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, मशीन फॉरमॅट केलं. हेतू चांगलाच होता, मशीन फार हळू झालं होतं. मामा घरी गेले, बटण दाबलं आणि वाट बघत बसले. संध्याकाळी मला फोन आला, ''अगं, सुरू केलंय, पण ते बोलतच नाही.'' डोळसांच्या कॉम्प्युटरचा आवाज गेला तर गाणी आणि सिनेमे अडतात. मामांसाठी पडदा, कीबोर्ड, स्वतःचं लिखाण, सगळंच एका दिवसात बंद झालं होतं.

दादाचं निदान तयार होतं. ''चिप उडाली. जुना बोर्ड आहे, कधीतरी जायचाच. आणि बाबांचं काय अडतंय, फोन आहे की त्यांच्याकडे.'' चिपबद्दलचं त्याचं म्हणणं मी ऐकून घेतलं. दुसरं वाक्य मला आजही सहन होत नाही.

मी गेले ती यूएसबी हेडफोन आणि एक पेनड्राइव्ह घेऊन. तुम्हालाही पहिला उपाय हाच सांगते. यूएसबी हेडफोनमध्ये आवाजाची स्वतःची चिप असते आणि तिला लागणारा साधा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, त्यामुळे जोडल्यावर तो बहुतेक वेळा लगेच वाजतो. वाजला तर विंडोजची आवाजाची यंत्रणा ठीक आहे आणि घोळ फक्त बोर्डवरच्या चिपपाशी किंवा तिच्या ड्रायव्हरपाशी आहे, एवढं दोन मिनिटांत कळतं. पेनड्राइव्हवर एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत होती, ती इन्स्टॉल न करताच चालते. मी ती सुरू केली आणि हेडफोन मामांच्या कानावर चढवला. आवाज ऐकल्याबरोबर ते खुर्चीत सरळ बसले आणि म्हणाले, ''सरक, आता मी बघतो.''

पुढचं सगळं मामांनी केलं. मी नुसती शेजारी बसले होते. विंडोजची कळ आणि एक्स, मग एम, की डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनमधल्या सगळ्या उपकरणांची यादी, उघडतो. बाणाच्या कळांनी ते एकेक ओळ ऐकत खाली गेले. आवाजाच्या यादीत दोन नोंदी होत्या. एक ग्राफिक्सच्या चिपची, एचडीएमआय केबलमधून मॉनिटरला आवाज पाठवणारी. ती सुरू होती आणि विंडोजनं तिलाच मुख्य ठरवलं होतं, पण त्यांच्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. (तुमच्याकडे आवाजाची पट्टी हलतेय आणि कानाला काहीच येत नाहीये, तर आधी हेच बघा. साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट बदला, तेवढ्यावरच काम होऊन जाईल.) दुसरी नोंद बोर्डवरच्या चिपची. तिच्यावर पिवळी खूण आणि प्रॉपर्टीजमध्ये 'कोड १०', म्हणजे हे उपकरण सुरू होऊ शकत नाही. कोड २८ असता तर ड्रायव्हरच टाकलेला नाही असा अर्थ झाला असता. कोड १० निघाला, कारण दादानं सगळ्या मशीनना चालणारा म्हणून कुठलासा ड्रायव्हरचा गठ्ठा उतरवून चालवला होता आणि त्यानं भलताच ड्रायव्हर बसवला होता.

ते गठ्ठे वापरू नका. माझं मत पक्कं आहे आणि त्यावर मला वाद घालायचा नाही. त्याऐवजी प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स उघडा आणि यादीतून हार्डवेअर आयडी निवडा. एक लांबलचक ओळ दिसेल. तिच्यात व्हीईएन या तीन अक्षरांपुढे चिप बनवणाऱ्याचा क्रमांक असतो. १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल, १००२ म्हणजे एएमडी, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. मामांनी ती ओळ एकेक अक्षर ऐकत मला सांगितली, मी कागदावर उतरवली. १०ईसी निघालं. जळालेली चिप सहसा आपला नाव-पत्ता इतका नीट सांगत नाही. दादा तेव्हा दारात उभा होता. त्यानं ऐकलं आणि काही न बोलता निघून गेला.

मग चुकीचा ड्रायव्हर अनइन्स्टॉल केला. तिथे ड्रायव्हरची फाइलही काढून टाकायची चौकट असते, ती निवडायलाच हवी, नाहीतर रीस्टार्ट केल्यावर तोच परत येऊन बसतो. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, अगदी त्याच मॉडेलचे, आधी चिपसेटचे, म्हणजे बोर्डवरच्या मुख्य चिपांचे, आणि मग आवाजाचे ड्रायव्हर टाकले. लॅपटॉप असेल तर लॅपटॉपच्या कंपनीची साइट. रीस्टार्ट. हेडफोन काढला, स्पीकरची पिन मागच्या हिरव्या भोकात घातली, आउटपुट बदललं आणि खोलीत एनव्हीडीएचा तो कोरडा यांत्रिक आवाज घुमला. मामींनी स्वयंपाकघरातून विचारलं, ''बोलायला लागलं का?''

दादाचं अजूनही म्हणणं आहे की चिप मध्येच बिघडली आणि नंतर आपोआप सुधारली. असं होत नाही, दादा. आणि दुसऱ्याचं मशीन पुसण्याआधी त्याला विचारायचं असतं, वडिलांचं असलं तरी. विचारलं असतंस तर मामांनीच सांगितलं असतं की आधी ड्रायव्हर काढून ठेव. विंडोजमध्ये डीआयएसएम नावाची आज्ञा आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून तिचा एक्स्पोर्ट-ड्रायव्हर पर्याय दिला की बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये निघतात. तो फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवला की फॉरमॅटनंतर शोधाशोध नको.

काही गोष्टी राहिल्या. अलीकडच्या इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजीचा वेगळा ड्रायव्हर लागतो, तो नसेल तर नुसता रिअलटेकचा टाकून आवाज येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिपची नोंदच नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये, ऑनबोर्ड ऑडिओ बंद केलेला नाही ना, ते तपासा. सर्व्हिसेसच्या यादीत विंडोज ऑडिओ चालू आहे का, तेही बघून घ्या. चिप खरोखर जाते तेव्हा बहुतेकदा वीज पडलेली असते, पाणी सांडलेलं असतं किंवा असंच काही झालेलं असतं, आणि फॉरमॅटच्याच दिवशी हे घडणं फार दुर्मीळ. तरीही शंका उरली तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी विंडोजऐवजीची दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, सुरू करा. तिथे आवाज आला तर चिप धडधाकट आहे आणि नवीन कार्डाचे पैसे वाचले. तिथेही आला नाही तर मात्र लगेच चिपला दोष देऊ नका, काही नव्या चिपांसाठी लिनक्सलाही वेगळं काही लागतं.

कोणता कोड दिसतो आणि हार्डवेअर आयडीची ओळ काय आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवा, मी बघते.