दातांचा विमा: आईचं रूट कॅनल, बाबांची कवळी आणि एचआरचा फॉर्म

ताई, नागपूरच्या मिहानमधल्या नव्या नोकरीत ग्रुप मेडिक्लेम मिळालाय आणि पगारातून जादा पैसे कापून आईवडिलांसाठी ओपीडी-डेंटल रायडर, म्हणजे अ‍ॅडमिट न होता होणाऱ्या दातांच्या कामासाठीचं जोड-कव्हर, घेता येतोय. आईला रूट कॅनल सांगितलंय, बाबांना कवळी बसवायचीय, तर रायडर घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. आईसाठी बहुतेक घ्यावा. कवळीच्या भरवशावर मात्र घेऊ नका.

साधा मेडिक्लेम मुळात अ‍ॅडमिट झाल्यावरचा खर्च देतो. गाडीवरून पडून जबडा मोडला आणि दवाखान्यात राहावं लागलं, तर क्लेम बसतो. कीड, रूट कॅनल, कॅप, कवळी हे खुर्चीवर बसून होणारं काम, म्हणजे ओपीडी. बहुतेक पॉलिसींत ते वगळलेलंच असतं. त्यामुळे एचआरमधला पोरगा "आपल्यात डेंटल कव्हर आहे जी" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण अनेकदा ते कव्हर अपघातापुरतंच असतं. आरोग्य संजीवनी पॉलिसीतही आजारामुळे किंवा इजेमुळे लागणारे दंतोपचार लिहिलेले आहेत, पण तेही अ‍ॅडमिट झाल्यावरच्या खर्चात.

रायडरने ओपीडीचं काम आत येतं. आता मर्यादा बघा. समजा, रायडरचा हप्ता 3,500 रुपये, डेंटलची वार्षिक मर्यादा 5,000 आणि को-पे, म्हणजे आपण खिशातून भरायचा वाटा, 20 टक्के. आईचं रूट कॅनल आणि कॅप मिळून बिल झालं 9,000. को-पे आधी कापला तर 7,200 उरतात, मग मर्यादा लागून हातात 5,000. मर्यादा आधी लावली तर 5,000 मधून को-पे जाऊन 4,000. म्हणजे एका हिशेबात फायदा दीड हजाराचा, दुसऱ्यात फक्त पाचशेचा. कोणता क्रम लागतो हे माहितीपत्रकात क्वचितच सापडतं, विचारावंच लागतं. शिवाय काही प्लॅनमध्ये डेंटल म्हणजे ठरावीक दवाखान्यांत मिळणारी सूट असते, विमा नसतोच. तसं असेल तर सरळ नाही म्हणा. रामदासपेठ-धंतोलीत एवढे डेंटिस्ट आहेत की थोडीफार सूट मागूनही मिळते.

कवळी, इम्प्लांट, ब्रेसेस, दात पांढरे करणं हे रायडर घेऊनही बऱ्याच ठिकाणी वगळलेलं असतं. बाबांसाठी त्यापेक्षा मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करा, नाहीतर हिंगणा रोडकडच्या खासगी दंत महाविद्यालयांत. काम विद्यार्थी करतात, पण शिक्षकांच्या नजरेखाली. चकरा जास्त होतात, खर्च बराच कमी. बाबा निवृत्त आहेत म्हणालात, वेळ आहेच.

बाबा खर्रा (तंबाखू-सुपारी) खातात हेही तुम्ही लिहिलंय, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडतंय का, तिखट झोंबतं का, पांढरा चट्टा आहे का, हे कवळीच्या निमित्ताने दाखवून घ्या. पुढे दुर्दैवाने तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन लागलंच, तर ते डेंटल रायडरमधून होत नाही, मूळ मेडिक्लेममधून होतं. म्हणून पैसे मोजकेच असतील तर बाबांचं नाव मूळ पॉलिसीत घालणं आधी, रायडर नंतर. त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी काढाल तर फॉर्मवर तंबाखू लपवू नका. पाच वर्षं सलग पॉलिसी चालेपर्यंत कंपनी माहिती लपवल्याचं कारण काढून क्लेम नाकारू शकते, आणि फसवणूक ठरली तर त्यानंतरही.

आता आईच्या जुन्या दुखण्याचं. स्वतः घेतलेल्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला कमाल 36 महिने थांबावं लागू शकतं. ग्रुप पॉलिसीत ही अट बऱ्याचदा माफ असते, पण ती माफी रायडरलाही आहे का, ते एचआरकडून मेलवर लिहून घ्या. अट असेल तर डॉक्टरांकडून चिठ्ठीची तारीख बदलून आणायच्या भानगडीत पडू नका. एक्स-रेवरही तारीख असते आणि टीपीए, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारी संस्था, तोच आधी मागते.

क्लेमसाठी काम सुरू व्हायच्या आधीचा आणि झाल्यानंतरचा असे दोन्ही एक्स-रे ठेवा. बिलावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा, आणि रूट कॅनल व कॅपची रक्कम वेगवेगळी लिहिलेली हवी. "डेंटल ट्रीटमेंट 9,000" एवढंच लिहिलेलं बिल बहुधा परत येतं.

फॉर्मची मुदत मात्र चुकवू नका. ती गेली की आईवडिलांची नावं साधारणपणे पुढच्या नूतनीकरणापर्यंत घालता येत नाहीत. मधल्या काळात लग्न किंवा बाळाचा जन्म झाला तरच खिडकी उघडते, तीही जोडीदारासाठी आणि बाळासाठी. आणि रूट कॅनल सुरू करायच्या आधी आईचं ई-कार्ड हातात आलंय ना, त्यावर कव्हर सुरू झाल्याची तारीख कोणती आहे, हे बघून घ्या.