अलाइनमेंट, अलाइनमेंट… म्हणजे नक्की काय?

प्रश्न : गॅरेजवाला म्हणतो गाडीचं अलाइनमेंट गेलंय, डीटीपीवाला म्हणतो मजकुराचं गेलंय, आणि मीटिंगमध्ये साहेब विचारतात, आपण सगळे अलाइन्ड आहोत ना? एकच शब्द तिन्हीकडे कसा चालतो? आणि याला मराठीत काय म्हणायचं?

उत्तर : चालतो कारण शब्दाच्या पोटात दोरी आहे. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस, त्याच्या धाग्याची दोरी ती लिनिया, तिथून लाइन, आणि मग फ्रेंचमधून अलाइन. (स्पेलिंगमधला न उच्चारायचा जी पण फ्रेंचांचाच, लिहिताना हमखास राहतो.) गवंडी दोन टोकांना दोरी ताणून तिच्या रेषेत विटा लावतो ना, अगदी तेच. त्यामुळे कुणी अलाइनमेंट म्हटलं की मनात विचारायचं, दोरी कुठली?

गाडीत दोरी म्हणजे गाडीची सरळ चाल. वरून बघितलं तर पुढची चाकं समोरच्या बाजूला आत वळलीत का बाहेर, तो टो, आणि समोरून बघितलं तर चाक वरून आत कललंय का बाहेर, तो कॅम्बर. गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेला घासतोय, मग संशय घ्या, पण आधी हवा बघा, कमी हवेनेही गाडी ओढते. आणि ठरावीक स्पीडला स्टिअरिंग थरथरत असेल तर तो बहुतेक वेळा बॅलन्सिंगचा मामला, त्यात रिमला छोटी वजनं लावतात, लोक या दोन्हींत कायम गल्लत करतात.

मजकुरात दोरी म्हणजे समास. डावा, उजवा, मधोमध, नाहीतर दोन्ही कडा सरळ करणारं जस्टिफाय. मला विचाराल तर अरुंद कॉलममध्ये मराठी जस्टिफाय करूच नये, आपले शब्द लांबलचक, 'करण्यासाठीसुद्धा' सारखा एक शब्द खालच्या ओळीत गेला की वरच्या ओळीत ही मोठी भगदाडं. एक्सेलमध्ये तर अलाइनमेंट चुगलीच करतं, आपण काही बदललं नसेल तर आकडे उजवीकडे आणि अक्षरं डावीकडे बसतात, तेव्हा एखादा आकडा डावीकडे चिकटलेला दिसला की समजायचं, त्याला एक्सेल अक्षरं समजतंय आणि तो बेरजेच्या SUM सूत्रात धरलाच जाणार नाही.

ऑफिसातल्या अलाइन्डला दोरीच नसते, साहेबांचं मत असतं!

मराठीत एकच शब्द शोधू नका. संरेखन आहे, पण तो कागदावरचा, बोलताना कुणी वापरत नाही. रस्त्याची आखणी म्हणतो, माणसांचं सूत जुळतं म्हणतो (इथेही दोराच बघा), उभी भिंत ओळंब्यात असते. आणि 1961 च्या बेलग्रेड परिषदेपासूनच्या नॉन-अलाइन्ड देशांना आपण अलिप्त म्हणून मोकळे झालो, त्यात रांगेचा मागमूसही नाही.

प्रश्न : ग्रह एका रेषेत येतात ते हेच का?

उत्तर : शब्द हाच, पण रेष आपल्या नजरेची. ग्रहांच्या कक्षा जवळपास एकाच पातळीत आहेत, म्हणून आकाशात ते एका पट्ट्यात दिसतात, अवकाशात मात्र चहूकडे पांगलेले असतात. खरी रांग ग्रहणात, सूर्य, चंद्र, पृथ्वी. चंद्राची कक्षा साधारण 5 अंश कललेली आहे म्हणून, नाहीतर दर अमावस्येला ग्रहण लागलं असतं.