ब्रेन ट्युमरची फाइल घेऊन जर्मनीला येताना

तुमचा प्रश्न असा: म्युनिकला ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांचा युरोपातला काम-परवाना) नोकरी मिळते आहे, पत्नीचं मेंदूतल्या हळू वाढणाऱ्या ट्युमरचं, म्हणजे ग्रेड २ अ‍ॅस्ट्रोसायटोमाचं ऑपरेशन झालंय, रेडिएशन किंवा केमो अजून दिलेली नाही. इथे तिला विमा मिळेल का, आणि व्होरासिडेनिब ही नवी गोळी मिळेल का?

विमा नक्की मिळेल, पण तो सार्वजनिकच घ्या. टीके, एओके, बार्मर अशा सार्वजनिक विमा संस्थांना जुन्या आजारावरून नकार देता येत नाही. खासगी कंपनी आजारांची प्रश्नावली देते. ट्युमर दिसला की नकार तरी येतो नाहीतर हप्ता चढतो. पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल (२०२५ साली वर्षाला ७३,८०० युरो) तर दोन्ही रस्ते खुले असतात आणि एजंट नेमका तेव्हाच खासगीचा स्वस्त हप्ता दाखवतात. भुलू नका, तिथून परत येणं महाकठीण. सार्वजनिक विम्यात पत्नीला स्वतःचं उत्पन्न नसेल तर ती तुमच्याच हप्त्यात बसते. मर्यादेवरच्या पगाराला इथली पहिली नोकरी लागल्यापासून तीन महिन्यांत सार्वजनिक विम्यासाठी अर्ज करावा लागतो. व्हिसासाठीच्या प्रवास विम्यात जुना आजार सहसा धरत नाहीत, म्हणून तुमचं सदस्यत्व सुरू झाल्यावरच तिचं तिकीट काढा.

आता गोळी. २०२३ साली निकाल आलेल्या चाचणीत ३३१ रुग्ण होते. ट्युमर पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ औषध नसलेल्या नकली गोळीवर ११.१ महिने, खऱ्या गोळीवर २७.७ महिने. ट्युमर बरा होत नाही, रेडिएशनची वेळ पुढे जाते. तिशी-चाळिशीतल्या मेंदूसाठी हेही मोठंच. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये, युरोपात २०२५ मध्ये परवानगी मिळाली. युरोपातली अट नीट वाचा: ट्युमरमध्ये आयडीएच१ किंवा आयडीएच२ जनुकातला बदल (म्युटेशन), फक्त शस्त्रक्रिया झालेली, रेडिएशन-केमोची तातडी नाही आणि एमआरआयवर गाठ बहुतांशी कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते द्रव्य) न घेणारी. निघण्याआधी कुणी ‘जाता जाता रेडिएशन उरकून घ्या’ म्हणालं तर दुसरं मत घ्या. खरोखर गरज असेल तर मात्र गोळीसाठी थांबू नका.

ही अट कागदांवर सिद्ध करावी लागते, आणि बहुतेकांचं इथेच अडतं. भारतात बऱ्याचदा आर१३२एच अँटिबॉडीची टेस्ट करून थांबतात. ती आयडीएच१ची सर्वांत सामान्य म्युटेशनच पकडते. निगेटिव्ह आली तर सिक्वेन्सिंग (जनुक अक्षर-अक्षर वाचणं) हवं. सीडीकेएन२ए/बी हे जनुक तपासलंय का पाहा, कारण त्याच्या दोन्ही प्रती गेलेल्या निघाल्या तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणाप्रमाणे आयडीएच म्युटेशनवाला तोच ट्युमर ग्रेड ४ ठरतो. पॅथॉलॉजी विभागात अर्ज करून पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि रंगवलेल्या स्लाइड्स मागून घ्या. ब्लॉक उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवायचा नाही, मेण मऊ होतं. तो हँडबॅगेत असू द्या. शंका राहिली तर इथे मिथायलेशन तपासणी (डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून ट्युमरचा प्रकार ओळखणं) होते. तिची वर्गीकरण पद्धत हायडेलबर्गच्याच लोकांनी बसवली.

एमआरआयचे फोटो नकोत, डायकॉम (स्कॅनच्या मूळ डिजिटल) फाइल्स हव्यात, आणि ऑपरेशनआधीपासूनचे सगळे स्कॅन. हा ट्युमर इतका हळू वाढतो की मागच्या स्कॅनशी ताडलं तर ‘बदल नाही’ निघतं आणि दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनशी ताडलं की वाढ दिसते.

फिट्सची औषधं तीन महिन्यांची आणा, डॉक्टरांच्या इंग्रजी पत्रासह. पत्रात जेनेरिक नाव हवं, ‘लेव्हिपिल’ इथे कुणाला कळत नाही. फेनिटॉइन (एप्टॉइन) चालू असेल तर न्यूरॉलॉजिस्टशी आत्ताच बोला: त्याने आणि सिगारेटनेही व्होरासिडेनिबचं रक्तातलं प्रमाण घटतं. फेनिटॉइन मनाने बंद मात्र करू नका. व्होरासिडेनिबचा प्रौढांचा डोस दिवसाला ४० मिलिग्रॅम. लिव्हरची एन्झाइम्स चढतात, म्हणून पहिले दोन महिने दर पंधरवड्याला रक्ततपासणी. गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरू शकतात, सोबत कंडोम लागतोच.

आल्यावर आधी फॅमिली डॉक्टर, म्हणजे हाउसआर्ट्झ्ट गाठा. त्याच्याकडून तातडीचा कोड असलेलं रेफरल घ्या आणि ११६११७ या अपॉइंटमेंट सेवेच्या फोन नंबरवर तज्ज्ञाची वेळ मागा. विम्याचं कार्ड यायला आठवडे लागतात. तोवर संस्थेचं सदस्यत्वाचं पत्र चालतं. पहिला एमआरआय निघण्याआधीच्या शेवटच्या स्कॅनपासून तीन-चार महिन्यांत बसेल असं वेळापत्रक ठेवा.