उंदराले अँटिजेन टोचाच्या आधी हे वाच
भाऊ, जास्त अँटिजेन (शरीर ज्याले परकं समजते तो पदार्थ) टोचलं म्हंजे जास्त अँटिबॉडी (त्याच्याविरुद्ध शरीर बनवते ते प्रथिन) भेटन असं नसते. कपाशीले युरिया जास्त झाला का झाड नुसतं माजते, बोंडं कमी, तसंच समज. मिचिसन नावाच्या शास्त्रज्ञानं 1964 मधे उंदरांत दाखवलं का बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन, इथं अँटिजेन म्हून) लय कमी अन् लय जास्त, दोन्हीनं टॉलरन्स येते (म्हंजे शरीर त्याच्याविरुद्ध रिस्पॉन्सच देत नाही), म्हून आधी तीन-चार डोस करून पाह्य. मी सुरुवातीले अलम (रिस्पॉन्स वाढवाले मिसळतेत तो ॲल्युमिनियमचा क्षार) न मिसळताच टोचलं, एलायझाची (अँटिबॉडी मोजाची चाचणी) प्लेट पिवळी झालीच नाही, दोन महिने पाण्यात! अँटिबॉडीच्या प्रकारांत पहिल्यांदा आयजीएम येते, खरं आयजीजी बूस्टरनंतर (म्हंजे नंतरच्या डोसनंतर), चौथ्याच दिवशी शोधू नको. अन् मेंढीच्या रक्तपेशी देशीन तर त्याच पेशींविरुद्धचं आयजीजी संग गेलं का रिस्पॉन्स दबते, आयजीएमनं मात्र वाढते, गंमतच हाय.