एमिली कामे उंगवारे खरंच ऐंशीच्या घरात चित्रकार झाल्या का?

ऑस्ट्रेलियातल्या या आदिवासी चित्रकार बाईंबद्दल एका वाचकाने हे विचारलंय, आणि पुढे लिहिलंय, 'त्याआधी हातात ब्रशही न धरलेली बाई'. ब्रशचं तेवढं वगळलं तर खरं आहे. जन्म १९१० च्या आसपासचा, कॅनव्हासवर पहिलं ॲक्रिलिक १९८८-८९ मध्ये, आणि सप्टेंबर १९९६ मध्ये त्या गेल्या. मधल्या आठेक वर्षांत जवळपास तीन हजार चित्रं!

पण हात आधीच तयार होता. मध्य ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येला युटोपिया नावाचा वाळवंटी मुलूख आहे. तिथल्या अल्हालकेरेच्या त्या, अन्मत्येरे समाजातल्या. तिथे 'अवेल्ये' विधीत बायका गाणी म्हणत एकमेकींच्या छातीवर, खांद्यांवर पट्टे ओढतात. एमिली त्यातल्या जाणत्या. शिवाय १९७७ पासून दहा-अकरा वर्षं त्यांनी बाटिक केलं, म्हणजे मेणाने नक्षी काढून कापड रंगवणं. मी स्वतः बाटिक करते, म्हणून हे मला फार मोठं वाटतं. गरम मेणाचा ठिपका कापडावर पडला की पडला. खोडायची सोय नाही, आणि मेण निवायच्या आत हात पुढे जावा लागतो. त्यांच्या कॅनव्हासवरच्या ठिपक्यांत मला तीच सवय दिसते.

नावातलं 'कामे' म्हणजे तिथल्या एका रानकंदाचं बी. वनस्पती आपल्या मूग-मटकीच्याच कुळातली. वेल वर, खाणं जमिनीखाली. कंद पोसला की मातीला भेगा पडतात. मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियातलं १९९५ चं 'बिग याम ड्रीमिंग' बघा ('याम' म्हणजे हाच कंद): काळ्यावर पांढऱ्या रेषांचं जाळं, आठ मीटर लांब, तीन मीटर उंच, कॅनव्हास भुईवर अंथरून काढलेलं. त्याला 'अमूर्त' म्हणणं मला पटत नाही. कशाचं चित्र, असं विचारलं की त्या 'सगळ्याचं' म्हणत आणि मोजून सांगत: कंद, काटेरी सरडा, गवताचं बी, इमू.

नाव झाल्यावर चित्रं मागणाऱ्या दलालांची रीघ लागली. पैसा आप्तांत वाटला जाई. त्यांच्या 'अर्थ्स क्रिएशन' या चित्राला २०१७ मध्ये २१ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, त्या गेल्यावर एकवीस वर्षांनी.

शेवटची चित्रं जरूर शोधा. मृत्यूच्या दोनेक आठवडे आधी, तीन दिवसांत २४ कॅनव्हास. ठिपके नाहीत, रेषा नाहीत. कॅनव्हासला अस्तर लावायचा रुंद ब्रश घेऊन ओढलेले नुसते रंगाचे पट्टे.