उन्हाळ्यात इन्व्हर्टरची बॅटरी लवकर का जाते आणि फिल्मचे रोल का चिकटतात?

मल्चिंग फिल्म (शेतात जमिनीवर अंथरायचं प्लास्टिक) बनवणाऱ्या युनिटमधली इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी (नळीसारख्या पॉझिटिव्ह प्लेटची लेड-ॲसिड बॅटरी) वरच्या पत्र्याच्या खोलीत आहे, दोन वर्षांत गेली, माल खराब होता का, आणि मे महिन्यातच रोल चिकटतात ते त्याच उष्णतेमुळे का, असं तुम्ही विचारलंय.

मालाला शिव्या देण्याआधी त्या खोलीत दुपारी तीनला थर्मामीटर लटकवा. बॅटरीचं आयुष्य २५-२७ अंश धरून सांगतात. सतत दहा अंश वर राहिली की ते साधारण निम्मं होतं. जळगाव-भुसावळला बाहेरच ४५ असतं, पत्र्याखाली काय ते बघा. पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजते, पाणी उडतं. त्यात गरम बॅटरी बॅकअप थोडा जास्तच देते, त्यामुळे "उन्हाळ्यात तर झकास चालते" म्हणणारे भेटतातच.

खरा घात करतात हायड्रोमीटरवाले (हायड्रोमीटर म्हणजे ॲसिडची घनता मोजायची नळी). ४२ अंशाला ती १.२३० दाखवते. २७ च्या वर दर अंशाला ०.०००७ मिळवा, म्हणजे झाले १.२४०. फुल चार्ज ट्यूब्युलरला एवढं ठीक. पण मेकॅनिक म्हणतो ॲसिड उतरलं, आणि ॲसिड ओततो. झालं, बॅटरी संपली! ॲसिड सांडल्याशिवाय कधीच घालायचं नाही. फक्त डिस्टिल वॉटर, तेही चार्ज झाल्यावर, खुणेपर्यंत. आरओचं चालत नाही. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी दाखवणारा फ्लोट बघा. प्लेट उघडी पडली की सल्फेट धरते, मग पाणी घालून उपयोग नाही.

चार्जिंगचा व्होल्टेजही उतरवावा लागतो: १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशाला सुमारे २४ मिलिव्होल्ट. २७ ला फ्लोट व्होल्टेज (बॅटरी भरल्यावर ती तशीच राखायचा व्होल्टेज) १३.८ असेल तर ४२ ला १३.४४. इन्व्हर्टरला तापमानाचा सेन्सर असेल तर तो बॅटरीलाच चिकटवलेला हवा. जुन्या धाब्याच्या घरातली तळमजल्याची खोली असेल तर बॅटरी तिथे हलवा. लांब वायर पडेल, जाड घ्या, पण पत्र्याखाली नको. यावर माझं कुणाशीच जमत नाही.

फिल्मचं थोडक्यात: एअर रिंगचा (वितळलेल्या प्लास्टिकच्या फुग्याला हवेने थंड करणारी कडी) ब्लोअर शेडमधलीच तापलेली हवा ओढतो, फ्रॉस्ट लाइन (फुगा जिथे घट्ट होतो ती रेषा) वर सरकते, फिल्म निपपर्यंत (फुगा दाबून चपटा करणारे रोलर) गरम पोचते आणि रोलमध्ये एकमेकीला धरते. प्लास्टिक पुढे ढकलणाऱ्या स्क्रूचा वेग कमी करा, गुंडाळताना ताण सैल ठेवा, जमलं तर ब्लोअरला चिलरची हवा द्या. डायचं (ज्या साच्यातून प्लास्टिक बाहेर येतं) तापमान उतरवत बसू नका, फिल्मवर खरखर येते.

आणि हो, वरचे आकडे लेड-ॲसिडचे, लिथियमला लावू नका. निम्म्याचा हिशोबही फक्त गरम महिन्यांना लागू, थंडीत बॅटरीला सवलत मिळतेच.