लिथियमची (मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाची) पातळी तपासायला रक्त सकाळच्या गोळीआधी काढायचं की नंतर?
गोळीआधीच काढा, शेवटच्या डोसला 12 तास झाल्यावर; म्हणजे रात्री 9 ला गोळी दिली असेल तर सकाळी 9 ला. गोळीनंतर लगेच काढलेल्या रक्तात पातळी उगाच चढलेली दिसते, आणि 0.6 ते 1.2 मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर ही नेहमीची मर्यादा 12 तासांच्या नमुन्यावरच बेतलेली आहे. शेवटच्या गोळीची वेळ आणि रक्त काढल्याची वेळ, दोन्ही फॉर्मवर लिहाच. हिरव्या झाकणाची नळी नको, तिच्यात लिथियम हेपरिन (रक्त गोठू न देणारं, लिथियम असलेलं रसायन) असेल तर आकडा खोटा वाढतो.

मात्र पातळी फार चढल्याची लक्षणं, म्हणजे हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, दिसली तर 12 तासांची वाट न बघता पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात घामावाटे पाणी-मीठ गेलं की डोस तोच असूनही पातळी चढू शकते, तेव्हा डोळ्यांत तेल घालून बघा.